ओल्या मोज्यांची नवी रेकॉर्ड

दादाचं घर तीन खोल्यांचं, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी खोली रेकॉर्डांची. उरलेल्या दोन खोल्यांत दादा, त्याची बायको, धुतलेले कपडे आणि न धुतलेले कपडे कसेबसे मावायचे. रेकॉर्डांच्या खोलीत मात्र ऐसपैस कारभार होता. खिडकीला दुहेरी पडदा, कारण उन्हाने पाकिटांचे रंग विटतात. दाराच्या मुठीला टॉवेल, कारण आत येण्याआधी हात पुसायचे. एखाद्या पाहुण्याने फळीवरून पाकीट बाहेर ओढलं, की पाहुणा ते जागच्या जागी ठेवेपर्यंत दादाला दुसरं काही सुचायचं नाही.

त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, आणि तिचं ऐकून त्याचं सगळं गिऱ्हाईकही तेच म्हणायला लागलं होतं. दिवसा तो पडद्यांच्या दुकानात कामाला होता. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि 'इथे फिकट रंग खुलेल' असं सांगायचं, हा त्याचा पोटाचा उद्योग. पण हे तो चारचौघांत सांगत नसे. कुणी विचारलं, की जरा थांबून म्हणायचा, "माझी रेकॉर्ड कंपनी आहे." कंपनीचं नाव 'मागची गल्ली'. कंपनीचं ऑफिस, गोदाम आणि पॅकिंग विभाग हे सगळं त्याच्या पलंगाखाली होतं.

दादाला जगात एकच आवाज आवडायचा. गिटारच्या तारा मोकळ्या सोडून भराभर छेडल्या की जो किणकिण आवाज निघतो, तो. त्यावर कुणीतरी जरा नाकात, जरा लाजत गाणारं हवं, ड्रम बेताचा हवा, आणि बँड असा हवा की शेजाऱ्याने त्याचं नाव ऐकलेलं नसावं. शेजाऱ्याने ऐकलं, की दादाचं त्या बँडवरून मन उडायचं. या आवाजावर जीव टाकणारे शे-दोनशे लोक शहरात होते आणि ते स्वतःला किणकिणवाले म्हणवून घेत. सगळे चाळिशीच्या आसपासचे, सगळ्यांच्या खांद्याला कापडी पिशव्या, आणि सगळ्यांचा पक्का समज असा की आपल्यासारखी माणसं जगात फार थोडी आहेत.

या मंडळींची एक रीत होती. नवी रेकॉर्ड आली, की ती उघडायची नाही. कारखान्यातून येताना पाकिटावर पातळ प्लास्टिकचं वेष्टण असतं, ते फाडलं की रेकॉर्ड जुनी झाली. म्हणून रेकॉर्ड घ्यायची, दोन्ही हातांनी धरून पुढून-मागून बघायची, वेष्टणावरून वास घ्यायचा, फोटो काढून चार लोकांना पाठवायचा आणि फळीवर ठेवून द्यायची. गाणी ऐकायची ती फोनवर. त्यांतले काही तर असे, की त्यांच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं. पण यंत्राची सुई कुठल्या कंपनीची चांगली, यावर ते तासन्‌तास भांडू शकत. आणि वर हेच लोक सांगणार, की गाणं खरं ऐकावं तर रेकॉर्डवरच, फोनवर ऐकणं म्हणजे गाण्याचा अपमान.

धाकटीच्या बँडचं नाव 'ओले मोजे'. धाकटी गायची, गिटार वाजवायची आणि गाणी लिहायची. बाकीचे तिघे, नोकरीतून सवड मिळाली, की यायचे. धाकटी स्वतः दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. मेणावर एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा, हे काम ती इतकं मन लावून करायची, की डॉक्टर म्हणायचे, "हिच्या कवळ्या घालून लोक माझ्यापेक्षा चांगले हसतात." तर या डॉक्टरांनी दुसऱ्या शहरात मोठा दवाखाना काढायचं ठरवलं आणि तिथली सगळी प्रयोगशाळा धाकटीने सांभाळावी असं तिला सांगितलं. पगार चांगला, मानही चांगला. पण तिकडे गेलं की ओले मोजे वाळत पडणार, हे उघड होतं.

धाकटीने दादाला साफ सांगितलं होतं. "या रेकॉर्डमध्ये मी एक गाणं ठेवलंय, दुसऱ्या बाजूला अगदी शेवटचं. 'पलीकडची खोली'. ते कुणाच्या तरी कानापर्यंत पोचलं, तर मी थांबेन. नाही पोचलं, तर जाईन आणि गिटार माळ्यावर टाकेन. वर्षानुवर्षं नुसतं भिंतीशी गात बसायला मला आता बळ नाही."

ओले मोजे हा दादाच्या कंपनीतला एकुलता एक बरा बँड होता. आणि तेही सोडा, ती त्याची बहीण होती. ती रोज भेटते असं नव्हतं, पण दोन बसथांब्यांवर राहते एवढ्याने त्याला बरं वाटायचं.

म्हणून त्याने या गाण्यासाठी जे जे करता येईल ते सगळं केलं. ते फोनवर ठेवलं नाही, फक्त रेकॉर्डवरच ठेवलं, म्हणजे त्याला भाव येईल. पाकिटाच्या मागे स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला: 'बंद दाराची, वाट पाहण्याची, हरवलेल्या प्रेमाची ही व्याकूळ हाक ऐकताना अंगावर काटा येतो.' रेकॉर्ड तीन रंगांत काढली: काळी, धुक्यासारखी निळी आणि शिंतोडे उडवलेली. प्रत्येक पाकिटावर नंबर घातला. एक गोष्ट तेवढी राहून गेली. गाणं त्याने ऐकलं नव्हतं.

यात त्याचा वाईट हेतू नव्हता, हे मान्य करायला हवं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो छापखान्यात पाकिटाच्या कण्याचा, म्हणजे बाजूच्या बारीक पट्टीचा, निळा रंग जुळवत बसला होता. धाकटीने फोनवर गाणं पाठवलं, तेव्हा त्याने ठरवलं, की हे पहिल्यांदा ऐकायचं ते रेकॉर्डवरच, नीट, दार लावून. मग कारखान्यातून तपासणीसाठी टेस्ट प्रत आली. पांढरं पाकीट, त्यावर काही छापलेलं नाही, आणि वेष्टण जसंच्या तसं. टेस्ट प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात आणि न उघडलेल्या टेस्ट प्रतीसाठी किणकिणवाले जीव ओवाळून टाकतात. दादाने ती दोन्ही हातांत धरली, वास घेतला, आणि फळीवर सगळ्यांत वर ठेवली. कारखान्याला निरोप पाठवला, की ठीक आहे, छापा.

रेकॉर्ड आली आणि पहिल्याच आठवड्यात संपली. किणकिणवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. तिन्ही रंग घेणारेही बरेच निघाले. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गाणं, 'पलीकडची खोली'. त्यांच्यातला एकजण एका मासिकात परीक्षणं लिहायचा आणि त्याच्या शब्दाला फार वजन होतं. त्याने लिहिलं, 'हरवलेल्या प्रेमाची अशी व्याकूळ हाक मी अलीकडे ऐकली नव्हती. अंगावर काटा आला.' दुसऱ्या एकाने लिहिलं, 'बंद दाराची प्रतिमा थक्क करते.' तिसरा म्हणाला, गाणं संपल्यावर आपण कितीतरी वेळ अंधारात बसून होतो. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र ओल्या मोज्यांपैकी कुणाकडेच नव्हतं; धाकटी हे सगळं कापून जपून ठेवायची. दवाखान्यात मेणात दात बसवताना ती गुणगुणायला लागली, असं डॉक्टरांनीच दादाला सांगितलं, आणि ते सांगताना डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता.

असे तीन आठवडे गेले आणि एका शुक्रवारी कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला.

"साहेब, रेकॉर्डबद्दल काही तक्रार नाही ना?" मॅनेजरने विचारलं.

"तक्रार कसली?" दादा हसला. "अहो, लोकांना वेड लागायची पाळी आलीय."

"ऐकून?"

"म्हणजे काय! ऐकूनच की."

मॅनेजर खाकरून म्हणाला, "त्याचं असं आहे साहेब, तुमच्याच वेळेला आमच्याकडे पक्षीमित्र मंडळाचं काम होतं. समुद्रपक्ष्यांचे आवाज. त्यांनी टेस्ट प्रत मागितली नव्हती. माल त्यांच्याकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे सगळे सभासद आमच्या उरावर बसले. म्हणे, पक्षी लावले तर गिटार वाजतेय. आम्ही तीन आठवडे वाट बघतोय, की तुमचाही फोन येईल. आलाच नाही. शेवटी म्हटलं, आपणच करावा."

"मला काय त्याचं?"

"साहेब, साचे उलटसुलट झाले. तुमची गाणी त्यांच्या पाकिटात गेली. म्हणजे तुमच्या पाकिटात पक्षी असणार."

तरी दादाच्या अंगातली ऐट जाईना. "असं कसं? मला टेस्ट प्रत पाठवली होतीत तुम्ही!"

"पाठवली होती ना. आणि तुमचा निरोप माझ्यासमोरच आहे. वाचून दाखवतो. 'ध्वनी उत्कृष्ट. वरचे स्वर थोडे धारदार आहेत, पण आमच्या शैलीला साजेसे आहेत.'"

मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, चूक आमची, दोन्ही रेकॉर्डी नव्याने काढून देतो. पक्षीमंडळाने आपला सगळा माल परत केलाय, फक्त एक म्हातारी बाई परत द्यायला तयार नाही. आवडली म्हणते. "तिचा नंबर देतो. तुमचीच गाणी आहेत, तुम्हीच समजवा तिला." दादाने नंबर उतरून घेतला, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो फळीवरच्या टेस्ट प्रतीकडे बघत होता.

त्याच्या बायकोने इस्त्री बाजूला ठेवली आणि काय झालं ते विचारलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "एक उघडून बघ की मग."

"कुठली?"

"कुठलीही. घरात दहा आहेत."

दादा दहाही प्रतींपुढे उभा राहिला. एकीचा नंबर चांगला होता, एकीवरचे शिंतोडे सुंदर पडले होते, एक तर पहिलीच होती. बायको तोपर्यंत स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली आणि तिने हाताला लागली ती उचलून कापली.

"अगं नखाने! नखाने काढ!" दादा कळवळला.

रेकॉर्ड फिरायला लागली. मधल्या गोल कागदावर 'ओले मोजे' असं झोकदार अक्षरांत लिहिलं होतं. जरा खरखर झाली आणि एका गृहस्थाचा शांत आवाज आला. "कुरव. मादी. पिल्लाला बोलावताना." आणि मग ती मादी अशी ओरडली, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

बायकोने दोन पक्षी शांतपणे ऐकून घेतले. तिसऱ्याला ती म्हणाली, "याच्यावर अंगावर काटा येतो हे मात्र खरंय."

दादा कपड्यांच्या ढिगावर बसला, हे त्याला कळलंही नाही. सगळं शहर पक्षी विकत घेऊन बसलं होतं आणि हरवलेल्या प्रेमाबद्दल लिहीत होतं. ही माणसं कुठल्या मजकुरावरून लिहीत होती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! व्याकूळ हाक त्याची, काटाही त्याचाच.

"धाकटीला सांगायला हवं," बायको म्हणाली.

"सांगतो ना. सोमवारनंतर सांगतो." सोमवारी धाकटी डॉक्टरांना उत्तर देणार होती. "एकदा ती नाही म्हणाली, की गुपचूप नव्या रेकॉर्डी येतील, आपण बदलून देऊ. कुणाला कळायचंही नाही. उघडतंय कोण?"

"आणि ती कशाच्या भरवशावर नोकरी सोडणार? या पक्ष्यांच्या?"

"मी खोटं कुठे बोलतोय? मी फक्त बोलत नाहीये."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मान वळवून पडदा सारखा केला. खिडक्यांची मापं घेणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही, की तो पडदाच सारखा करतो. पण मनातून त्याला खात होतं. धाकटी गेली तर आपलं कसं होईल, हे त्याला दिसत होतं. ती थांबली तर तिचं कसं होईल, हे तो बघायचं टाळत होता.

रविवारी दुपारी धाकटी जेवायला आली. हातात परीक्षणांचा गठ्ठा, चेहरा फुललेला. आल्या आल्या वहिनीच्या गळ्यात पडली. जेवताना एकेक कात्रण काढून वाचून दाखवायला लागली. अंधारात बसून राहिलेल्या गृहस्थाचं तिने दोनदा वाचलं. दादा मान खाली घालून जेवत होता.

"लोकांनी ऐकलं रे दादा," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं. उद्या डॉक्टरांना नाही म्हणून सांगणार आहे मी. आता जे व्हायचं ते होईल."

"छान," दादा म्हणाला. बायकोने आमटीचा डाव जरा जोरातच भांड्यात ठेवला.

"एक विचारू?" धाकटीने कात्रणं बाजूला ठेवली. "तू एवढं छान लिहिलंस पाकिटावर, पण आपलं बोलणं कधी झालंच नाही. माझ्या मनात अजून एक आहे. मी ते गाणं दोन्ही तऱ्हांनी लिहून बघितलं होतं. शेवटी ते दार उघडायला हवं की नको रे?"

तिने खरोखरच विचारलं होतं. तिला त्याचं मत हवं होतं. दादाने डोळे जरा बारीक केले, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "उघडतं तेच बरोबर आहे. नाहीतर ऐकणाऱ्याला फार जड जातं."

धाकटीचा हात ताटाजवळच थांबला.

"उघडत नाही ते," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. उघडत नाही, पण म्हणजे, मनातून उघडतं."

"दादा."

बायको म्हणाली, "सांग आता. नाहीतर मी सांगते."

मग दादाने सांगितलं. आधी पक्षी, मग मॅनेजरचा फोन, मग टेस्ट प्रत. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. मॅनेजरने वाचून दाखवलेला निरोपसुद्धा त्याने सांगून टाकला. वरचे स्वर धारदार, हे ऐकून धाकटीला हसू फुटलं. ती इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वहिनीलाही आवरेना. दादाला वाटलं, सुटलो.

हसू ओसरल्यावर धाकटीने कात्रणं पुन्हा हातात घेतली आणि एकेक करून उलटून ठेवली. "मग यांच्या अंगावर काटा कशाने आला?"

"मी पाकिटामागे लिहिलं होतं, त्याच्याने."

"आणि तू कशावरून लिहिलंस?"

"नावावरून," दादा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच जेमतेम ऐकू आला.

"मी तुला फोनवर पाठवलं होतं ना?"

"म्हटलं, पहिल्यांदा ऐकायचं ते रेकॉर्डवरच ऐकू."

"आणि रेकॉर्ड आली तेव्हा?"

दादा आमटी ढवळत राहिला. तिने गठ्ठा सारखा केला, त्याला रबर लावलं आणि पिशवीत टाकला. "म्हणजे कुणीच ऐकलं नाही," ती म्हणाली. हे ती त्याला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. "बरं झालं. उद्या सकाळी हो म्हणून मोकळी होते."

दादाला ओरडून सांगावंसं वाटलं, की जाऊ नकोस. पण कुठल्या तोंडाने सांगणार?

"एका बाईने ऐकलंय," वहिनी म्हणाली. तिने उठून दादाच्या खिशातून मॅनेजरने दिलेल्या नंबरची चिठ्ठी काढली. "पक्ष्यांवाली आहे. रेकॉर्ड परत द्यायला तयार नाही म्हणे." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने नंबर लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

पलीकडून म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "रेकॉर्ड परत मागायला फोन केला असेल, तर ठेवा. मी पैसे दिलेत. त्यात काय निघालं तो माझा प्रश्न."

"नाही काकू," धाकटी घाईघाईने म्हणाली. "त्यात गायलेय ना, ती मी."

बाई लगेच म्हणाली, "नाकात गातेस तू."

"हो."

"सर्दी झाली होती?"

"नाही. यात तसंच गातात."

"असेना का. आम्हाला सवय आहे. पक्ष्यांमध्ये तरी गोड गळ्याचे कितीसे असतात! बाकीची गाणी ठीक आहेत, एकासारखं एक आहेत. पण ते शेवटचं मी रोज लावते. एक विचारू का गं तुला? तो तुझा भाऊ आहे ना?"

धाकटीने वर बघितलं नाही. "कोण, काकू?"

"दाराच्या आतला. भाऊच तो. तू पायरीवर बसलीयस, आत त्याच्या रेकॉर्डी चालल्यात. तू म्हणतेस, मी एक गाणं केलंय, ऐक ना. आणि आतून तो म्हणतो, थांब, ही बाजू संपू दे. बाजू संपते. तू उठून उभी राहतेस. तर तो दुसरी लावतो. प्रियकर-बियकर असता, तर तू केव्हाच चालती झाली असतीस. मी तर झालेच असते. इतका वेळ माणूस भावाच्याच दाराशी बसतं."

ही बाजू संपू दे. हे दादा म्हणायचा. आईवडिलांच्या घरी, मधल्या जिन्यावरच्या त्या खोलीत, त्याच्या पहिल्या रेकॉर्डी आल्या तेव्हापासून. दार वाजायचं, तो म्हणायचा, आणि जरा वेळाने बाहेर काही आवाज येईनासा व्हायचा. त्याला वाटायचं, गेली असेल खेळायला. ती तिथेच बसायची, हे त्याला आज या वयात, एका अनोळखी बाईकडून कळत होतं. त्याला लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. जे त्या बाईला पक्ष्यांची म्हणून घेतलेल्या रेकॉर्डवरून कळलं, ते त्याला सख्ख्या बहिणीवरून कळलं नव्हतं.

"तुम्हाला हे कसं कळलं काकू?" धाकटीने विचारलं.

"कसं म्हणजे? ऐकलं. आमच्या मंडळात रीतच आहे. आधी तीन-चारदा गप्प बसून ऐकायचं, मग तोंड उघडायचं."

"मग एक सांगाल? शेवटी ते दार उघडायला हवं होतं का?"

"नको. उघडलं असतं, तर मी एकदाच ऐकून ठेवून दिलं असतं." मग बाईने विचारलं, "शनिवारी आमच्या मंडळाच्या खोलीत येऊन म्हणशील का? फार नाही, पंधरा-वीस जण असतो. खुर्च्या चांगल्या आहेत."

"येते," धाकटी म्हणाली.

फोन बंद झाल्यावर वहिनीने धाकटीच्या ताटात भात वाढला आणि तिने तो संपवला. मग पाणी पिऊन ती म्हणाली, "मी जात नाहीये. डॉक्टरांना उद्या नाही सांगते."

दादाच्या जिवात जीव आला. आणि जीव आल्याबरोबर तो मूळपदावरही आला. "उत्तम! मग आता बघ, पक्षी निघालेल्या प्रतींना सोन्याचा भाव येणार, मी तुला सांगतो. आणि नवी काढू ती आपण पारदर्शक काढू, पाकिटाला खिडकी ठेवू, आणि पुढच्या वर्षी तुझी दुसरी..."

"पुढची रेकॉर्ड मी पक्षीमंडळाला देणार आहे," धाकटी म्हणाली.

"अगं, ते पक्ष्यांच्या रेकॉर्डी काढतात!"

"ऐकतात तरी."

दादाने बायकोकडे बघितलं. ती ताटं गोळा करत होती आणि तिच्याकडून मदत मिळण्याचं काही चिन्ह नव्हतं. मग त्याने बहिणीकडे बघितलं.

"आणि मी?" त्याने विचारलं.

"तू शनिवारी ऐकायला ये," धाकटी म्हणाली. ती रागावलेली नव्हती, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं.

मंडळाचे लोक प्रती किती काढतात, रंग कुठला देतात, वेष्टण लावतात की नाही, हे सगळं दादाच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.